आजोबांच्या घराच्या खिडक्या: नव्या करून घ्यायच्या, जुन्याच दुरुस्त करायच्या की सरळ युपीव्हीसी?

देवरुखी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

देवरुखजवळ आमचं जुनं घर आहे. आजोबांनी बांधलेलं, चिऱ्याचं, मातीत रचलेलं आणि वरून चुन्याचा गिलावा, कौलारू. भिंती जवळजवळ दीड फूट जाड. खिडक्या एकूण नऊ. बहुतेक ४ फूट उंच आणि ३ फूट रुंद, बाहेरून लोखंडी गज, आतल्या बाजूला उघडणाऱ्या लाकडी झडपा, आणि ओटीवरच्या दोन खिडक्यांना वरच्या अर्ध्या भागात रंगीत तावदानं. पुढची तीन वर्षं आईबाबा तिथेच राहायला जायचं म्हणतायत त्यामुळे यंदा पावसाच्या आधी खिडक्यांचं काहीतरी करायलाच हवं.

घरात तीन पक्ष झालेत. भाऊ म्हणतो सगळ्या काढ आणि युपीव्हीसीच्या (कडक प्लॅस्टिकच्या) पांढऱ्या स्लायडिंग बसव, एकदाचा ताप संपेल. बाबा म्हणतात काही काढायचं नाही, नुसता रंधा मारला की झडपा लागतील (त्यांच्याकडे आजोबांचा रंधा आहे आणि तो वापरायला ते कायम निमित्त शोधत असतात). मला वाटतं मापाच्या नव्या सागवानी करून घ्याव्यात, दिसायला जुन्यासारख्याच.

आता माझं दुखणं सांगतो. मागच्या वर्षी प्रयोग म्हणून एका दुकानातून (नाव घेत नाही, उगाच वाद नको) दोन तयार सागवानी खिडक्या घेतल्या होत्या, पॉलिश मारून चकाचक आलेल्या. चार महिन्यांत एका झडपेच्या फळ्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट पडली आणि दुसरीच्या कडेने पिवळं पीठ पडायला लागलं. दुकानदार म्हणाला कोकणातली हवाच तशी. म्हणून यावेळी विचारूनच करायचं ठरवलंय. कुणी जुन्या घरासाठी खिडक्या करून घेतल्यात का? लाकूड कुठलं, माप कसं द्यायचं, सुताराला काय काय आधी सांगायचं?

प्रॅक्टिकल_पंत
भावाचं ऐका. लाकूड म्हणजे दर दोन वर्षांनी रंग, दर चार वर्षांनी वाळवी. युपीव्हीसी लावा आणि विसरा. भावनेच्या भरात लोक पैसे घालवतात आणि मग असे धागे काढतात. कटू वाटेल पण खरंय.

सातारी_तडका
पंत आले म्हणजे धागा शंभरी गाठणार :) खुर्ची ओढून बसलोय.

मोगरा
देवरुखी, मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्याच कामात आहे (पुण्यात, बरेचसे वाडे) म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, "नऊ खिडक्या" हा एक प्रश्न नाहीये, ते नऊ वेगवेगळे प्रश्न आहेत. प्रत्येक खिडकीपाशी एक पेचकस घेऊन जा आणि टोचत जा. चौकटीचं खालचं आडवं लाकूड, दोन्ही उभ्यांचे खालचे सहा इंच, आणि झडपेची खालची पट्टी. बहुतेक वेळा सड एवढ्यातच असते. बाकीचं लाकूड टणक लागेल, पेचकस आत जाणारच नाही. जिथे तो लोण्यात गेल्यासारखा जातो तिथे खडूने खूण करा. नऊ खिडक्यांचं झालं की एक कागद घेऊन कुठली खिडकी कुठल्या दिशेला आणि तिच्यावर वळचण किती पुढे आलीय ते लिहा. मी पैज लावते की सडलेल्या सगळ्या पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या असतील नाहीतर जिथे पन्हळ फुटून पागोळ्या भिंतीवर येतात तिथल्या.

दुसरं, कुणी कधीतरी खिडक्यांच्या भोवती सिमेंटचा गिलावा केलाय का ते बघा. चुना आणि माती ओल आत घेतात आणि सोडतातही. सिमेंटचा पट्टा मारला की भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, ती सगळी चौकटीच्या लाकडात शिरते. बाहेरून घट्ट दिसतं आणि आतून चौकट कुजत असते. असं असेल तर नवी सागवानी चौकटसुद्धा तशीच कुजेल, लाकूड कितीही भारी असो.

आणि पंत, दीड फूट जाडीच्या भिंतीत स्लायडिंग लावलं की खिडकी कायम अर्धीच उघडते. त्या घरांचं गणितच वाऱ्यावर आहे. मे महिन्यात दुपारी माजघरात बसून बघा.

प्रॅक्टिकल_पंत
युपीव्हीसीत केसमेंटही मिळतं हो ताई. पूर्ण उघडणारं.

मोगरा
मिळतं, मान्य. पण तिची फ्रेम जाड असते, ३ फुटांच्या भोकात दोन पाखं केली की काचेला उरतं काय? आणि ते गज, ती तावदानं कुठे जाणार. नव्या घरात लावा ना, मी कुठे नाही म्हणतेय.

पटाशी
देवरुखी भाऊ, आमचं घरचं सुतारकाम, तीन पिढ्या. फट पडली ते कोकणच्या हवेमुळे नाही. लाकूड ओलं होतं. आणि पीठ पडलं ते वाळवी नाही, भुंगा. सागाचा जो बाहेरचा पांढरट भाग असतो ना, सालीच्या लगतचा, त्याला कीड लागतेच. गाभ्याला सहसा लागत नाही. पण पांढऱ्यावर रंगाचं पॉलिश मारलं की आठ दिवसांत तुम्हाला कळणार पण नाही कुठे गाभा संपला आणि कुठे पांढरं सुरू झालं. म्हणून आमच्याकडे गिऱ्हाइकाला आम्हीच सांगतो, खिडकी कच्ची बघायला या, रंधा मारलेली, बिनपॉलिशची. बघून पास करा मग पुढचं. जो सुतार कच्ची दाखवायला कां कू करेल त्याला नमस्कार करून निघा.

लाकडाचं सांगतो.
बल्लारशा आलापल्लीचा साग, ज्याला बाजारात सीपी टीक म्हणतात, तो चांगलाच. अयोध्येच्या मंदिराला २०२३ मध्ये बल्लारशाहूनच साग गेला होता, बातम्या वाचल्या असतीलच. पण तो परवडतो असं नाही. बाजारात आता बराचसा माल घाना, नायजेरिया, इक्वाडोर असा बाहेरून येतो, त्यात लवकर वाढवलेल्या झाडाचं लाकूड असतं, रेषा लांब लांब, पांढरा भाग जास्त. वाईटच असतं असं नाही, निवडून घ्यावं लागतं. टोकाकडून बघायचं. गोल रेषा जेवढ्या जवळजवळ तेवढं झाड सावकाश वाढलेलं.
आणि तुम्ही कोकणात आहात तर फणस विसरू नका. फणसाच्या चौकटी शंभर शंभर वर्षं टिकलेल्या मी स्वतः काढल्यात. नवा असताना हळदीसारखा पिवळा दिसतो, लोक नाक मुरडतात, दोन वर्षांत मधासारखा होतो. झडपेला शिवण (शिवणीच्या झाडाचं लाकूड) पण चालते, हलकी असते आणि हलत नाही म्हणजे फुगणं आक्रसणं कमी.

आणखी एक, लाकूड घनफुटावर विकतात. हिशोब स्वतः करायला शिका. लांबी फुटात गुणिले रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात, भागिले १४४. तुमच्या ४ बाय ३ च्या चौकटीला चार बाजूंचे १४ फूट, वर भिंतीत जाणारे कान धरून १५ फूट. ५ बाय ३ इंच जाडीचं घेतलं तर १५ × ५ × ३ = २२५, भागिले १४४ म्हणजे साधारण दीड घनफुटाच्या जरा वर. सुताराने अडीच लावलं तर विचारा बाकीचं कुठे गेलं. घट धरतातच पण एवढी नाही. भाव लिहीत नाही इथे, गावोगाव वेगळा आणि महिन्याला बदलतो.

देवरुखी
पटाशीभाऊ, दंडवत. तुम्ही सांगितलेलं १४४ चं गणित वापरून मागच्या वर्षीचं बिल आत्ता पुन्हा बघितलं. जाऊ दे, आता बोलून उपयोग नाही.

घराच्या मागे आमचे दोन साग आहेत, आजोबांनी लावलेले. तेच तोडून वापरले तर?

पटाशी
दोन अडचणी. एक, स्वतःच्या जमिनीतला साग असला तरी तोडायला वनखात्याची परवानगी लागते आणि कापलेला माल गिरणीत न्यायला वाहतूक पास लागतो. ते होतं, तलाठी, वनरक्षक असं करत. दुसरी अडचण मोठी. आत्ता तोडलेलं लाकूड यंदाच्या खिडकीला चालत नाही. फळ्या पाडून, मध्ये काड्या घालून, सावलीत थप्पी लावून ठेवायची, जाडी इंचाला साधारण एक वर्ष धरतात आमच्याकडे. म्हणजे ३ इंची चौकटीला तुमचा नातू खिडकी लावेल :)
मजा सोडा, गरज नसेल तर उभे राहू द्या. पुढे कधीतरी कामाला येतील.

जुनी_जाणकार
१९६४ सालच्या वृक्षतोडीच्या कायद्यात साग, खैर, फणस, आंबा अशा बऱ्याच झाडांची नावं आहेत, आमच्या ह्यांना नोटीस आली होती एकदा म्हणून माहीत. तेव्हा फणस तोडतानाही विचारून बरं का.

बाकी धागा वाचून माहेर आठवलं. आमच्याकडे पावसाच्या आधी पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून झावळ्यांची झडी बांधायचे. आम्ही मुलं त्या अंधाऱ्या खोलीत पत्ते खेळायचो. लोक म्हणतात जुन्या खिडक्या किती टिकल्या, पण त्यांची ती दरवर्षीची सेवा कोण धरतं हिशोबात?

मोगरा
जुनी_जाणकार, हा मुद्दा फार मोलाचा आहे. देवरुखी, पत्र्याची किंवा कौलांची छोटी पडवी, अगदी दीड फुटाची, त्या पश्चिमेच्या खिडक्यांवर काढलीत तर अर्धं काम तिथेच झालं. लाकडाच्या जातीपेक्षा मी वळचणीवर जास्त विश्वास ठेवते.

यॉर्कशायरचा_पाहुणा
धागा आवडला. इकडचं सांगतो, उपयोग होईल न होईल. आमचं घर इंग्लंडात लीड्सला, व्हिक्टोरियन टेरेसमधलं (म्हणजे एकोणिसाव्या शतकातली एकमेकांना चिकटलेली घरांची रांग), वरखाली सरकणाऱ्या सॅश खिडक्या. चौकटीच्या आत दोन्ही बाजूंना पोकळ खोका असतो, त्यात दोरीला बांधलेली ओतीव लोखंडाची वजनं लोंबकळत असतात, त्या वजनामुळे एवढी जड खिडकी एका बोटाने वर जाते. घर घेतलं तेव्हा निम्म्या खिडक्यांच्या दोऱ्या तुटलेल्या आणि रंगाने चिकटून बसलेल्या. मला तीन सेल्समननी सांगितलं की हे सगळं काढा.

आमचा भाग कॉन्झर्वेशन एरियात (जुनं रूप जपायचं म्हणून ठरवलेल्या भागात) येतो आणि आमच्या गल्लीला जादा नियम लागू आहे, त्यामुळे समोरून दिसणारी खिडकी बदलायची तर परवानगी, आणि तीही होती तशीच दिसायला हवी. सुरुवातीला खूप चिडलो. मग एक म्हातारा जॉइनर (खिडक्या-दारांचा सुतार) भेटला, त्याने सांगितलं की तुझ्या खिडक्यांचं पाइन हे बाल्टिककडचं थंडीत सावकाश वाढलेलं लाकूड आहे, आज मिळणाऱ्या पाइनपेक्षा कितीतरी घट्ट, हे फेकून तू वाईट लाकूड विकत घेणार आहेस. आठपैकी सहा दुरुस्त केल्या, खालचा सडलेला तुकडा तिरका कापून नवा जोडला, दोऱ्या बदलल्या, फटींना ब्रशची पट्टी बसवली. दोन मात्र खरंच गेल्या होत्या त्या नव्या करून घेतल्या, अकोया नावाचं ॲसिटिलेशन केलेलं (कुजू नये म्हणून रासायनिक प्रक्रिया केलेलं) पाइन येतं, त्याच्या. त्यावर कंपनी जमिनीच्या वरच्या वापराला ५० वर्षांची हमी देते. महाग आहे.

एक गंमत, खिडकीच्या काचांवरून घराचं वय कळतं म्हणे. काचेवरची जकात इथे १८४५ ला उठली आणि खिडकी कर १८५१ ला. त्याआधीच्या घरांत छोट्या छोट्या सहा सहा काचा, नंतर मोठ्या काचा स्वस्त झाल्या. खिडक्यांवर कर! लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या होत्या, अजून दिसतात.

अवांतर: सागाचा विषय निघालाय म्हणून, इथून दीड तासावर हार्टलपूलला एचएमएस ट्रिंकोमाली नावाचं जहाज उभं आहे, १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेलं, मलबारी सागाचं. अजून पाण्यात तरंगतंय. मुलांना घेऊन गेलो होतो, त्या लाकडावर हात ठेवून उगाच भरून आलं.

सातारी_तडका
पंत, युपीव्हीसीचं जहाज आहे का कुठे?

प्रॅक्टिकल_पंत
हसा हसा. जहाजावर रोज डांबर लावायला खलाशी असतात, आईबाबांच्या वयाच्या माणसांनी शिडीवर चढून रंग द्यायचा का हा माझा साधा प्रश्न आहे. त्याचं उत्तर कुणी दिलं नाही.

मोगरा
पंतांचा हा प्रश्न रास्त आहे, टाळायला नको. उत्तर रंग कसला देताय त्यावर आहे. फ्रेंच पॉलिश म्हणजे लाखेचं, ते बाहेरच्या अंगाला कधीच नको, पहिल्या पावसात पांढरं पडतं. चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) कोट छान दिसतो पण उन्हाने एकदा तडकला की त्याच्या खाली पाणी शिरतं आणि मग सगळं खरवडून काढावं लागतं, शिडी, सॅंडर, धूळ. त्यापेक्षा तेल. अळशीचं उकळलेलं तेल आणि टर्पेंटाइन, फडक्याने पुसून लावायचं. तेल लवकर फिकं पडतं, हो, दर एक दोन वर्षांनी लावावं लागतं, पण खरवडावं लागत नाही आणि तुमच्या खिडक्या आत उघडतात त्यामुळे शिडी लागतच नाही! झडप आत घ्या, खुर्चीवर बसून पुसा. (तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. वाळवून, पसरून, मग टाका.)

गोंयकार
तेलाचं वाचून आठवलं, काजूच्या टरफलाचं तेल आमच्याकडे वाशांना, चौकटीच्या भिंतीकडच्या अंगाला लावतात, वाळवी जवळ येत नाही. हातमोजे घालून लावा, कातडी सोलवटते. वास काही दिवस राहतो. दिसणाऱ्या अंगाला नको, काळं पडतं.

आमचं घर म्हापशाजवळ, पोर्तुगीज वळणाचं. आमच्या खिडक्यांना काच नाही, शिंपल्या आहेत, लाकडाच्या छोट्या छोट्या खाचांत सरकवलेल्या. काच महाग होती तेव्हा चपट्या शिंपल्यांचे चौकोन कापून लावायचे. त्यातून येणारा उजेड दुधासारखा असतो, दुपारी सुद्धा डोळ्याला लागत नाही. पण आता तो शिंपला संरक्षित आहे, नवा काढायला मिळत नाही. माझ्या खिडकीतल्या अकरा फुटल्या होत्या. एका पाडलेल्या घराच्या माणसाने रद्दीच्या भावात जुनी झडप दिली तिच्यातून काढून बसवल्या. तेव्हा देवरुखी, रंगीत तावदानं काढताना फार जपून, तशी काच परत मिळणं कठीण. काच बसवायची जुनी लांबी (पुट्टी) दगडासारखी होते, ठोकू नका. थोडी उष्णता देऊन मऊ करा आणि सावकाश खरवडा. घाई केली की गेलीच.

शिवाजीपार्क_तिसरा_मजला
आमच्या बिल्डिंगचं सांगते म्हणजे उलटं उदाहरण मिळेल. तीसच्या दशकातली आर्ट डेको इमारत. मूळच्या सागवानी खिडक्या, वर अर्धगोल नक्षीची जाळी. ९० नंतर एकेकाने ॲल्युमिनियम स्लायडिंग लावलं, प्रत्येकाचं वेगळं, कुणाचं निळ्या काचेचं. आता समोरच्या फुटपाथवरून बघितलं तर कवळी लावलेल्या माणसासारखी दिसते बिल्डिंग. आमची एकच खिडकी जुनी उरलीय. ती बनवायला घेतली तेव्हा कळलं की तिचं माप कुठल्याही दोन बाजूंना सारखं नाही!! सुताराने भोकाचं माप घेतलं एकाच ठिकाणी आणि चौकट आली ती वरून बसली, खालून अर्धा इंच अडकली. मग भिंत फोडली. मग शेजारचे आले भांडायला.

पटाशी
ही चूक फार होते. जुन्या भोकाचं माप असं घ्या. रुंदी तीन ठिकाणी, वर मध्ये खाली. उंची तीन ठिकाणी. आणि दोन्ही कर्ण. कर्ण सारखे नसतील तर भोक काटकोनात नाही, आणि जुन्या घरात ते नसतंच. सगळ्यात लहान माप धरायचं, त्यातून दोन्ही बाजूंना मिळून १०-१२ मिमी कमी करायचे, आणि चौकट मात्र गुण्यात (काटकोनात) करायची. वाकड्या भोकासाठी वाकडी चौकट करायची नाही, झडप कधीच लागत नाही मग. उरलेली फट चुन्याने भरा.

आता मुख्य. आधी ठरवायच्या गोष्टी, नंतर रडून उपयोग नाही.
जाळी लावणार का? डासांची. लावणार असाल तर चौकटीला दोन खाचा लागतात, एक झडपेला एक जाळीला, मग ३ इंच रुंदी पुरत नाही, ५ घ्यावीच लागते. नव्वद टक्के गिऱ्हाईक चौकट बसल्यावर म्हणतं अहो जाळीचं राहिलं.
खालच्या आडव्या लाकडाला बाहेर उतार हवा आणि त्याच्या खालून, बाहेरच्या कडेपासून अर्धा इंच आत एक खाच हवी करंगळीएवढी. पाणी लाकडाच्या पोटाला चिकटून आत सरकतं, खाचेपाशी आलं की गळून पडतं. एवढीशी खाच असते पण चौकटीची निम्मी जिंदगी तिच्यावर. तुमच्या आजोबांच्या खिडकीला हात घालून बघा, असणार.
बिजागऱ्या पितळी किंवा ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या. समुद्राजवळ असाल तर ३०४ पण डागाळतं. साध्या लोखंडी लावू नका, गंज सुटला की भोवतीचं लाकूड काळं होतं आणि स्क्रू धरत नाही.
बसवायच्या आधी सगळ्या बाजूंना तेल किंवा प्रायमर. भिंतीकडच्या बाजूला सुद्धा, आणि झडपेच्या खालच्या कडेला सुद्धा जिथे लाकडाचं तोंड उघडं असतं. तिथे कुणी ब्रश फिरवत नाही कारण दिसत नाही. पाणी तिथूनच पितं लाकूड.

देवरुखी
मंडळी, शनिवार रविवार जाऊन आलो. पेचकस घेऊन सगळ्या खिडक्या टोचल्या. मोगराताई पैज जिंकल्या. नऊपैकी फक्त चार खिडक्यांच्या चौकटी खालून गेल्यात, चारही पश्चिमेच्या, आणि त्या चारांनाच ९८ साली काकांनी सिमेंटचा पट्टा मारला होता! पूर्वेकडच्या आणि ओटीच्या पाच खिडक्यांत पेचकस शिरलाच नाही. एका झडपेची खालची पट्टी तेवढी गेलीय.

आणि पटाशीभाऊ, मी गुडघ्यावर बसून ओटीच्या खिडकीखाली हात घातला. खाच आहे. करंगळी बरोब्बर बसते. आतापर्यंत मला वाटायचं ती नक्षी आहे.

बाबांनी सांगितलं की चौकटी फणसाच्या आहेत आणि झडपा सागाच्या. चाळीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

मोगरा
वा! मग आता पाच खिडक्यांना हात लावू नका, फक्त स्वच्छता, तेल, बिजागऱ्या. त्या गेलेल्या पट्टीला तिरका जोड द्या, नवं लाकूड सागच, रेषांची दिशा तीच, इपॉक्सी आणि लाकडी खुंट्या. पट्टी जुन्या सागात जोडायची म्हणून जुनंच लाकूड शोधा, पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटकडे किंवा मुंबईत रे रोडला जुन्या वाड्यांचं, चाळींचं निघालेलं मिळतं. आतल्या खिळ्यांवर नजर ठेवा, गिरणीवाला करवत मोडली की तुमच्या नावाने बिल फाडतो.

चार चौकटी काढताना एक गोष्ट हात जोडून सांगते. वरचा लाकडी पाट, जो चौकटीच्या डोक्यावरून भिंतीत गेलेला असतो, त्याची अवस्था आधी बघा आणि चौकट काढायच्या आधी टेकू लावा. मातीत रचलेल्या चिऱ्याच्या भिंतीत कित्येकदा चौकटच वजन उचलत असते. एका वेळी एकच खिडकी. चारही एकदम फोडून सुतार गावी गेला असं मी बघितलंय, कुठे ते सांगत नाही.

प्रॅक्टिकल_पंत
नऊऐवजी चारच करायच्या असतील तर लाकूड करा बाबा, माझा विरोध नाही. बाथरूमच्या खिडकीला मात्र युपीव्हीसीच लावा, हे माझं शेवटचं.

सातारी_तडका
पंत विरघळले. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

मोगरा
बाथरूमला मीसुद्धा तेच सांगेन, पंत. :)

देवरुखी
(जूनच्या पहिल्या आठवड्यात) अपडेट. गावातलाच सुतार मिळाला, वय सत्तरच्या पुढे, मुलगा मदतीला. चार चौकटी फणसाच्या, झडपा सागाच्या. लाकूड कच्चं दाखवलं, ओल मोजायचं छोटं मीटर मी ऑनलाइन मागवलं होतं, १३ टक्के आली. सुतारकाकांनी मीटरकडे बघितलं, मग फळी उचलून बोटांनी टकटक केली आणि म्हणाले "वाजतंय की." सिमेंटचा पट्टा पूर्ण काढला, चुना. बाहेरून दोन फुटांची कौलारू पडवी. जाळी पण झाली, दोन खाचा करून. भावाने येऊन बघितलं, काही बोलला नाही, पण व्हॉट्सॲपवर फोटो त्यानेच टाकले.

एक शंका. झडपा आत्ता मस्त लागतायत, कडेने साधारण ३ मिमी जागा आहे सगळीकडून. बाबा म्हणतायत फार सैल केल्यात.

पटाशी
सैल नाहीत. थांबा जरा.

देवरुखी
(जुलैच्या शेवटी) पटाशीभाऊ, कोपऱ्यावरच्या खोलीची झडप घासायला लागली. जोरात ढकलल्याशिवाय लागत नाही. आईने सकाळी खांदा लावला. काय करू?

पटाशी
काही करू नका. फुगलीय ती. बाकी तीन लागतायत ना? मग माप बरोबर आहे, ही एक जास्त भिजते एवढंच. तिथली पागोळी बघा. खालच्या कडेला मेण किंवा साबण घासा, चालून जाईल. आता रंधा मारलात तर मे महिन्यात तिथून पाल आत येईल. दिवाळीनंतर वाळली की बघू, बहुतेक लागणारच नाही रंधा.

जुनी_जाणकार
आमच्याकडे मेणबत्तीचा तुकडा घासायचे. दाराच्या वर कायम ठेवलेला असायचा एक.

देवरुखी
पन्हळीचा सांधा खरंच सुटला होता, बांधला. मेणबत्ती घासली, आता आई एका हाताने लावते. रंधा माळ्यावर तांदळाच्या कणगीमागे ठेवलाय. बाबा रोज विचारतात.